टेस्ट लिमिट्स डेटाबेसमधून: मकरपुऱ्यातल्या तीन बेंचच्या नोंदी

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं छोटं युनिट आहे. पॅनेलमधल्या डीआयएन रेलवर, म्हणजे उपकरणं अडकवायच्या धातूच्या पट्टीवर, बसणारे एसएमपीएस (एसी वीज घेऊन ठरावीक डीसी व्होल्टेज देणारे पॉवर सप्लाय) आम्ही बनवतो. २४ व्होल्ट ५ अँपिअरचा सगळ्यात जास्त खपतो. एकूण मॉडेल ११. टेस्टिंगला तीन बेंच आहेत आणि प्रत्येकावर एसी सोर्स, इलेक्ट्रॉनिक लोड, मल्टिमीटर, स्कोप आणि हे सगळं चालवणारा पायथनचा प्रोग्राम. लिमिट्स, म्हणजे रीडिंग कितीपासून कितीपर्यंत आलं तर पीस पास, त्या प्रोग्रामच्या पोटातच लिहिलेल्या होत्या. जूनमध्ये एका ग्राहकाने लांब केबलमधली घट भरून निघावी म्हणून आउटपुट २४.५ व्होल्टवर सेट करून मागितला. नवी फाइल पहिल्या आणि तिसऱ्या बेंचवर गेली, दुसऱ्यावर टाकायची मी विसरलो. तिथे पीस फेल व्हायला लागले, म्हणून ऑपरेटरने पॉट (आउटपुट सेट करायचा स्क्रू) फिरवून ते २४.० वर आणले आणि पास केले. तिचं काहीच चुकलं नव्हतं, स्क्रीन सांगत होती तेच तिने केलं. ६४ पीस परत आले. त्यानंतर लिमिट्स एका जागी आणायचं ठरलं. हेच काम कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून या नोंदी ठेवल्या.

१ जुलै २०२४, सोमवार

आधी आहे ते मोजलं. तिन्ही बेंचवरच्या फाइलींतल्या लिमिट्स छापून काढल्या आणि क्यूसीचे (गुणवत्ता तपासणीचे) काका आणि मी पेन्सिल घेऊन ओळीने ताडून पाहायला बसलो. ३७ ठिकाणी फरक निघाला. काही फरक मुद्दाम केलेले होते (तिसऱ्या बेंचची केबल लांब, म्हणून कुणीतरी व्होल्टेजची खालची लिमिट सैल केलेली), बाकीच्यांचं कारण आता कुणालाच सांगता येईना. काका म्हणाले, "अरे, यातली कुठली खरी ते ड्रॉइंगवरून ठरव, बेंचवरून नको." त्यात पूर्ण दोन दिवस गेले. आज मागे वळून पाहताना वाटतं, सगळ्या कामातला सर्वात उपयोगी वेळ तोच. हे न करता थेट डेटाबेस भरला असता तर ३७ चुका नीट जपून ठेवल्या असत्या, एवढंच.

तयार सॉफ्टवेअरचाही विचार केला. टेस्टस्टँडमध्ये प्रॉपर्टी लोडर नावाची स्टेप तयारच मिळते. फाइलमधून किंवा डेटाबेसमधून लिमिट्स उचलून ती टेस्टच्या स्टेप्समध्ये भरते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ती जरूर पाहावी. आमच्याकडे चार हजार ओळींचा चालता पायथन प्रोग्राम आहे आणि तीन बेंचच्या लायसन्सचा खर्च शेठना या वर्षी झेपणारा नाही. म्हणून प्रोग्राम तोच ठेवून त्याला पोस्टग्रेस हा डेटाबेस जोडायचं ठरलं.

४ जुलै, गुरुवार

टेबल बनवलं: मॉडेल, टेस्टचं नाव, लो, हाय, युनिट. दीड तासात एक मॉडेल चालू झालं. संध्याकाळपर्यंत तीन मॉडेल भरली आणि खूश होऊन घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की ४० पीस जुन्याच लिमिट्सवर टेस्ट झालेत. "आउटपुट व्होल्टेज फुल लोड" या नावात टेबलमध्ये भरताना एका जागी दोन स्पेस पडल्या होत्या, त्यामुळे प्रोग्रामला ती ओळ सापडली नाही. सापडली नाही तर काय करायचं, हे मीच पूर्वी लिहून ठेवलं होतं: प्रोग्राममधली ठरावीक लिमिट वापर. म्हणजे डेटाबेस जोडलेला, तरी जुनी लिमिट मागच्या दाराने आत येत होती, आणि स्क्रीनवर त्याची कुठलीच खूण नव्हती.

दोन बदल केले. टेस्टला नावाऐवजी नंबर दिला: २१० म्हणजे फुल लोड व्होल्टेज, २२० म्हणजे रिपल (डीसी आउटपुटवर उरलेली चढउतार). नाव फक्त माणसाने वाचायला. आणि प्रोग्राममधल्या सगळ्या ठरावीक लिमिट्स पुसून टाकल्या. टिप्पणी करून (ओळ तिथेच ठेवून नुसती बंद करून) ठेवल्या नाहीत, खरोखर पुसल्या. आता लिमिट सापडली नाही तर टेस्ट सुरूच होत नाही. तपासणी दोन्ही बाजूंनी ठेवली आहे: प्रोग्राममध्ये २३ स्टेप्स असतील तर त्या मॉडेलच्या नेमक्या २३ ओळी आल्या पाहिजेत. एक कमी आली तरी थांबायचं, एक जास्त आली तरी थांबायचं. जास्त आलेल्या ओळीचा अर्थ असा की कुणीतरी टेस्ट वाढवली आहे आणि बेंचला त्याचा पत्ता नाही.

९ जुलै, मंगळवार

रिपलची लिमिट ड्रॉइंगवर १२० मिलिव्होल्ट आहे. काकांनी टेबलात १२० भरलं. स्कोप मात्र रीडिंग व्होल्टमध्ये देतो. ०.०८५ हे १२० पेक्षा कमीच, म्हणून पास. ०.४०० आलं असतं तरी पासच. एका शिफ्टचे ९६ पीस असे गेले.

हे सापडलं ते एका खराब पीसमुळे. प्रत्येक मॉडेलचा एक पीस मी मुद्दाम बिघडवून ठेवतो. त्यावर लाल टेप असते. या मॉडेलच्या पीसचा आउटपुटचा एक कपॅसिटर काढलेला आहे. शिफ्ट संपताना सहज तो लावला आणि हिरवा दिवा लागला. पोटात गोळाच आला. तो पीस सकाळी पहिला लावायची शिस्त असती तर ९६ पीस वाचले असते. आता ती शिस्त प्रोग्राममध्येच घातली आहे: लॉट उघडल्यावर आधी लाल टेपवाला पीस लावायचा आणि तो फेल झाल्याशिवाय लॉट पुढे जात नाही.

युनिटचं असं ठरवलं की टेबलमध्ये सगळं मूळ एककात: व्होल्ट, अँपिअर, ओहम, सेकंद. मिलिव्होल्ट दाखवायचं काम स्क्रीनचं. शिवाय प्रत्येक स्टेप स्वतःचं युनिट सांगते आणि ते टेबलमधल्या युनिटशी अक्षरशः जुळलं नाही तर लोडिंग अडतं.

४० आणि ९६ मिळून १३६ पीस परत टेस्ट केले. पीसमागे ४ मिनिटं, म्हणजे नऊ तासांचं काम. ९६ पैकी दोन पीसचा रिपल खरंच जास्त निघाला. दोन्ही पॅक होऊन पेटीत गेलेले होते.

१२ जुलै, शुक्रवार

रिकाम्या खान्यांचा दिवस. एफिशियन्सीला फक्त खालची लिमिट असते, रिपलला फक्त वरची. दुसऱ्या खान्यात कुणी ० भरलेला, कुणी ९९९९, कुणी रिकामं सोडलेलं. ९९९९ वाचणाऱ्याला ती खरी लिमिट आहे की भरती, हे कळायला मार्ग नाही.

एक कॉलम वाढवला: तुलनेचा प्रकार. तीनच प्रकार ठेवले, "मध्ये", "किमान", "कमाल". "किमान" असेल तर हाय रिकामाच हवा, "मध्ये" असेल तर दोन्ही भरलेले हवेत. हा नियम प्रोग्राममध्ये न लिहिता टेबलवरच चेक कन्स्ट्रेंट (न बसणारी ओळ डेटाबेसनेच नाकारायची अट) म्हणून लिहिला, कारण उद्या कुणी दुसऱ्या वाटेनेही भरेल.

इथे अर्धा दिवस गेला. मी लिहिलं होतं, लो हा हायपेक्षा कमी किंवा समान असावा. तपासायला दोन्ही खाने रिकामे ठेवून ओळ टाकली, तर टेबलने ती मुकाट्याने घेतली. रिकाम्या म्हणजे नल किमतीशी केलेल्या तुलनेचं उत्तर एसक्यूएलमध्ये (डेटाबेसच्या भाषेत) खरंही नसतं आणि खोटंही नसतं, आणि चेक कन्स्ट्रेंट फक्त खोट्यालाच अडवतो. त्यामुळे "भरलेलं असलंच पाहिजे" हे वेगळं, स्पष्ट लिहावं लागतं. लिहिलं, मग अडली.

१६ जुलै, मंगळवार

ही नोंद जरा लांब आहे, पण सगळ्यात जपून वाचावी अशीही हीच.

इनपुटच्या दोन तारांमध्ये बसणाऱ्या एक्स कपॅसिटरवर डिस्चार्ज रेझिस्टर असतो, आमच्याकडे १ मेगओहम. प्लग काढल्यावर पिनांवर चार्ज राहून कुणाला झटका बसू नये म्हणून तो असतो. पॉवर देण्याआधी मल्टिमीटरने तो मोजतो. लिमिट होती किमान ०.८ मेगओहम. दुपारी दुसऱ्या बेंचचा प्रोब मुळाशी तुटला. तार तुटली की मल्टिमीटर ओव्हरलोड दाखवतो आणि प्रोग्रामकडे एक प्रचंड आकडा पाठवतो: ९.९ गुणिले १० चा ३७ वा घात. स्किपी भाषेत (मोजमापाच्या उपकरणांशी बोलायची ठरलेली भाषा) अनंताची खूण म्हणून हाच आकडा ठरलेला आहे. ०.८ मेगओहमपेक्षा तो मोठा आहेच. पास. तुटलेल्या प्रोबवर ११ पीस पास झाले, आणि त्यांच्यात एखादा बिनरेझिस्टरचा असता तर तोही गेला असता.

लिमिट डेटाबेसमधून बरोबर आली, प्रोग्रामने बरोबर तुलना केली, तरी निकाल चुकला, कारण लिमिटच अपुरी होती. आता ती "मध्ये" केली आहे, ०.९ ते १.१ मेगओहम. त्यानंतर काकांबरोबर बसून प्रत्येक "किमान"वाली लिमिट पुन्हा पाहिली आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला: तार तुटली तर हे पास होईल का? ११ मॉडेलमध्ये अशा १९ लिमिट्स निघाल्या. हायपॉटलाही (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासायच्या टेस्टलाही) हाच न्याय आहे. गळती करंट कमाल किती, एवढंच लिहिलं तर लीड न लावलेला पीस शून्य गळतीने उत्तम पास होतो. म्हणून गळतीला खालची लिमिटही लागते. आमच्या पीसमध्ये वाय कपॅसिटर (तार आणि अर्थ यांच्यामधले) आहेत, एसी हायपॉटला थोडी गळती दिसलीच पाहिजे.

याच दिवशी दुसरी गोष्ट सापडली. सीरियल केबलवरून उत्तर रिकामं आलं की माझा प्रोग्राम रीडिंगच्या जागी नॅन ठेवत होता, म्हणजे "हा आकडाच नाही". नॅनची कुठल्याही आकड्याशी लहान-मोठी तुलना केली की उत्तर नेहमी "नाही" येतं. मी लिहिलं होतं: लोपेक्षा कमी असेल किंवा हायपेक्षा जास्त असेल तर फेल. नॅन कमीही नाही आणि जास्तही नाही, म्हणून फेल नाही. वाक्य उलटं केलं: लोइतकं किंवा त्याहून जास्त आणि हायइतकं किंवा त्याहून कमी, असं आकड्याने सिद्ध केलं तरच पास, बाकी सगळं फेल. बदल एका ओळीचा. इतकी वर्षं ही ओळ उलटी होती याची रुखरुख मला अजून आहे. नॅन आणि ओव्हरलोड यांना आता वेगळा निकालही दिला आहे, "रीडिंग नाही". फेल म्हटलं की पीस रिवर्कला जातो आणि तिथला माणूस चांगल्या पीसमध्ये दोष शोधत बसतो. "रीडिंग नाही" म्हटलं की ऑपरेटर आधी प्रोब पाहते.

२२ जुलै, सोमवार

पहिल्या बेंचवरच्या ऑपरेटर, आम्ही त्यांना बेन (ताई) म्हणतो, रीडिंगचा कागद घेऊन आल्या. "भाई, स्क्रीनवर ०.१०० आहे, लिमिट पण ०.१०० आहे, मग हा फेल का?" अर्थ कंटिन्युइटीची (अर्थची जोडणी नीट आहे का, या टेस्टची) कमाल लिमिट ०.१ ओहम. असे तीन पीस.

डेटाबेसमध्ये लिमिटचा कॉलम न्यूमेरिक ठेवला आहे, तो पायथनमध्ये डेसिमल म्हणून येतो, म्हणजे अगदी नेमका ०.१. मीटरचं रीडिंग मात्र मी फ्लोट (कॉम्प्युटर आत बायनरीत ठेवतो तो अपूर्णांक) करत होतो. फ्लोटमध्ये ०.१ नेमका बसत नाही. आत साठतो तो किंचित जास्त, दशांश चिन्हानंतर सतराव्या-अठराव्या स्थानी. पायथन ही तुलना प्रामाणिकपणे करतो आणि सांगतो की रीडिंग मोठं आहे. जुन्या प्रोग्राममध्ये दोन्हीकडे फ्लोट होते, म्हणून हा प्रश्न कधी उठला नव्हता.

मीटरकडून उत्तर अक्षरांतच येतं. ती अक्षरं आता थेट डेसिमलमध्ये नेतो, मध्ये फ्लोट नाही. लिमिटला फ्लोट करूनही काम भागलं असतं. पण मग डेटाबेसमध्ये लिहिलेला आकडा आणि तुलनेतला आकडा एकच आहे असं ग्राहकासमोर छातीठोक सांगता आलं नसतं.

याच्याच शेजारचं: २४.२००४ रीडिंग, लिमिट २४.२, स्क्रीनवर तीनच स्थानं. दिसायला समान, निकाल फेल. तुलनेआधी आकडा गोल करावा असं शेठचं म्हणणं होतं. मी नको म्हटलं, काकांनी साथ दिली. स्क्रीनवर सगळे अंक दाखवायचे, एवढं केलं.

२९ जुलै, सोमवार

एका ग्राहकाने मेमध्ये गेलेल्या पीसचा नंबर देऊन विचारलं, हा कुठल्या लिमिटवर पास झाला होता? आमच्याकडे रीडिंग होतं आणि "पास" होता. लिमिट आजची होती. मधल्या काळात ती दोनदा बदलली होती. उत्तर देता आलं नाही.

म्हणून लिमिटची ओळ बदलणं बंद. बदल म्हणजे नवी ओळ, नवा रिव्हिजन, कधीपासून लागू ते, आणि कुणी का बदलली ते. जुनी ओळ तशीच राहते. शिवाय निकालाच्या नोंदीत रीडिंगच्या शेजारी त्या वेळची लो, हाय, तुलनेचा प्रकार आणि रिव्हिजन हे चारही लिहितो. रिव्हिजन नंबर असला की लिमिट शोधता येतेच, मग दोनदा कशाला लिहायची, असं डेटाबेस शिकलेल्या माणसाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण निकालाचा कागद पाच वर्षांनी एकटा समोर आला तरी त्याचा अर्थ लागला पाहिजे. जागा थोडी जास्त लागते, तेवढी लागू दे.

लोड केव्हा करायचं हेही बदललं. मी प्रत्येक पीसला, आणि त्यातही प्रत्येक स्टेपला वेगळं विचारत होतो: २३ स्टेप्स, २३ क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न). वायफायवर पीसमागे सहा सेकंद जात. त्याहून वाईट म्हणजे काकांनी दुपारी लिमिट बदलली तेव्हा एकाच लॉटचे ११८ पीस जुन्या लिमिटवर आणि पुढचे नव्या लिमिटवर गेले. आता लॉटचा बारकोड स्कॅन झाला की एकाच क्वेरीत सगळ्या लिमिट्स येतात आणि लॉट बंद होईपर्यंत त्याच राहतात. मध्येच बदलायची असेल तर लॉट बंद करून नवा उघडायचा. वायफाय काढून तिन्ही बेंचना केबल ओढली.

खर्च इथपर्यंत: जुना मिनी पीसी सर्व्हर म्हणून १६,५०० रुपये, यूपीएस ५,८००, तीन बारकोड स्कॅनर ६,३००, केबल आणि मजुरी ४,२००. एकूण ३२,८००. पोस्टग्रेसला काही लागत नाही.

६ ऑगस्ट, मंगळवार

एकाच टेस्टचे दोन रिव्हिजन एकाच वेळी लागू, असं झालं. काकांनी जुन्याची शेवटची तारीख भरली नव्हती. प्रोग्रामला २३ ऐवजी २४ ओळी आल्या आणि तो थांबला. ४ जुलैची तपासणी कामी आली. पण मुळात अशी ओळ आत यायलाच नको होती. पोस्टग्रेसमध्ये काळाचा पट्टा एकाच खान्यात ठेवता येतो आणि दोन पट्टे एकमेकांवर चढू नयेत असा एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट लावता येतो. त्यात मॉडेल आणि टेस्ट नंबर समान असल्याची अटही घालायची असेल तर बीट्री जिस्ट हे एक्स्टेंशन आधी चालू करावं लागतं. हे माहीत नसल्यामुळे दोन तास एरर वाचत बसलो.

त्याच आठवड्यात रात्रपाळी होती. "६ तारखेपासून लागू" असलेली लिमिट रात्री पाऊण वाजता उघडलेल्या लॉटला मिळाली नाही. सर्व्हरची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) होती. त्याची ६ तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला उजाडते. आता सर्व्हर भारतीय वेळेवर आहे, आणि भरताना तारखेबरोबर वेळ आणि +५:३० लिहिणं सक्तीचं केलं आहे.

१९ ऑगस्ट, सोमवार

परवानग्या. बेंचचा युजर लिमिट्स फक्त वाचू शकतो. लिमिट भरतो मी, मंजूर करतात काका. मंजुरीशिवाय ती बेंचला दिसतच नाही. मला स्वतःला माझी ओळ मंजूर करता येत नाही. शेठना हे सुरुवातीला जाच वाटलं ("तुम्ही दोघंच तर आहात"), मग जूनचे ६४ पीस आठवले. काकांसाठी साधा फॉर्म बनवला, त्यात जुनी आणि नवी लिमिट शेजारी-शेजारी दिसते आणि किती बदलली ते ठळक. दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोळ्यात भरतं.

२ सप्टेंबर, सोमवार

मधला आठवडा पुरात गेला. २६ तारखेला जन्माष्टमी, त्या दिवसापासून पाऊस थांबेना. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट, पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. शहरातल्या कितीतरी वस्त्या दोन-तीन दिवस पाण्यात होत्या. आमच्या सोसायटीतही तळमजल्यात पाणी होतं. बेनच्या घरातलं सगळं सामान भिजलं. त्या आज आल्या नाहीत, आणि आज येऊ नका असंच मी त्यांना फोन करून सांगितलं होतं.

कारखान्यात बेंच पहिल्या मजल्यावर, कोरडे. सर्व्हर खाली ऑफिसात, टेबलाखाली. सर्व्हर टेबलाखाली ठेवण्याचा निर्णय माझाच. पॉवर सप्लाय गेला, डिस्क नंतर वाळवून वाचली. तिन्ही बेंच उभे, कारण लिमिट्स येत नाहीत. तुंबलेला डिस्पॅच समोर होता. शेठ म्हणाले, आजच्यापुरता जुना प्रोग्राम टाका. मी नाही म्हटलं. सहा वर्षांत त्यांना तोंडावर नाही म्हणायची ही माझी पहिलीच वेळ. जुन्या प्रोग्राममध्ये ३७ चुका होत्या आणि नॅन पास होत होता, हे मला आता माहीत होतं. माहीत असताना ते चालू करणं मला जमलं नसतं. काका शेजारी उभे राहिले, बोलले काही नाहीत.

२४ तारखेच्या शनिवारी संध्याकाळी घेतलेला बॅकअप घरच्या लॅपटॉपवर होता. लॅपटॉप आणला, पोस्टग्रेस चढवलं, बॅकअप परत भरला. बॅकअप परत भरून पाहायचं काम मी आधी कधीच केलं नव्हतं, त्यामुळे दोन तासांचं काम पाच तासांचं झालं: एक्स्टेंशन राहिलं, युजर राहिले, पासवर्डची फाइल राहिली. संध्याकाळी सव्वासहाला पहिला लाल टेपवाला पीस फेल झाला. तो फेल झालेला पाहून इतकं हायसं कधी वाटलं नव्हतं.

५ सप्टेंबर, गुरुवार

सर्व्हर पहिल्या मजल्यावर, भिंतीवरच्या रॅकमध्ये. नवा पॉवर सप्लाय १,९०० रुपये. खर्च आता ३४,७००.

प्रत्येक बेंचवर लिमिट्सची स्थानिक प्रत ठेवली, एसक्यूलाइटच्या (एका फाइलीत मावणारा छोटा डेटाबेस) फाइलमध्ये. फाइल नेटवर्क ड्राइव्हवर ठेवून तिघांनी वापरायची असा सोपा विचार आधी आला होता. नेटवर्कवरच्या फाइलला लॉक नीट लागेल याची खात्री नसते, म्हणून सोडला. एसक्यूलाइटमध्ये नेमका दशांश साठवणारा प्रकार नाही, आकडा फ्लोट होऊन बसतो आणि २२ जुलैचा प्रश्न परत येतो. म्हणून प्रतीमध्ये लिमिट्स अक्षरांत ठेवतो आणि वाचताना डेसिमल करतो. डेटाबेसमध्ये त्यांची तुलना मुळीच करायची नाही. अक्षरांच्या हिशोबात ९ हा १० पेक्षा मोठा ठरतो.

प्रतीची मला भीतीच वाटते, कारण ही पुन्हा "बेंचवरची फाइल" झाली, जूनमध्ये जिने घात केला तीच. म्हणून तिला अटी घातल्या. प्रत सर्व्हरनेच बनवायची, तिच्यासोबत हॅश (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा), एक अक्षर बदललं तरी बेंच ती नाकारतो. २४ तासांपेक्षा जुनी असेल तर काकांचा बारकोड स्कॅन झाल्याशिवाय चालत नाही, आणि ७ दिवसांपेक्षा जुनी असेल तर काहीही केलं तरी चालत नाही. प्रतीवर टेस्ट झालेल्या पीसच्या निकालात तसं लिहिलं जातं.

९ सप्टेंबर, सोमवार

शनिवारी गणपती बसले. दांडिया बाजारात काकांकडे दर्शनाला गेलो होतो; प्रसाद हातात येण्याआधी त्यांनी तिसऱ्या बेंचची चौकशी केली.

आज दिवसभर मुद्दाम मोडून पाहिलं. लॉट चालू असताना नेटवर्क केबल उपटली, लॉट पूर्ण झाला. लिमिटची एक ओळ काढली, अडला. युनिट बदललं, अडला. प्रतीतला एक आकडा एडिटरने बदलला, अडला. मीटर बंद केला, "रीडिंग नाही". बेंचच्या घड्याळाची तारीख दहा दिवस मागे नेली, आणि चालला! शिळी प्रत ताजी ठरली. प्रतीचं वय बेंचच्या घड्याळावरून मोजत होतो. आता प्रतीची तारीख बेंचच्या घड्याळाच्या पुढची असेल, किंवा शेवटच्या निकालाची वेळ घड्याळापुढे असेल, तर थांबतो. पुन्हा मागे नेलं, अडला.

२० सप्टेंबर, शुक्रवार

११ पैकी ९ मॉडेल नव्या पद्धतीवर आली आहेत. उरलेली दोन कमी चालणारी, पण त्यांची ड्रॉइंग्ज २०१७ ची आहेत आणि काकांना त्यातल्या तीन लिमिट्सबद्दल शंका आहे. डिझाइनवाल्यांकडून लेखी आल्याशिवाय भरणार नाही.

तिसऱ्या बेंचच्या हायपॉट टेस्टरच्या लिमिट्स अजून मशीनच्या पॅनेलवरून हाताने भरल्या जातात. सीरियल केबलने त्या पाठवायच्या, मग मशीनकडून परत वाचून घ्यायच्या, आणि जुळल्या तरच हाय व्होल्टेज चालू करायचं, असं लिहून झालं आहे. आणलेल्या केबलच्या पिना उलट निघाल्या. दुसरी सोमवारी येते.